वाचकांचे प्रश्न : चाचणी कोणासाठी, निर्णय कोणाचा?

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे गर्भारपणातील चाचण्या, बाळंतपण आणि त्यावरून घरात होणारे ताण यांविषयीची आहेत. त्यांपैकी सहा पत्रे या अंकात एकत्र घेतली आहेत, कारण एका पत्राचे उत्तर दुसऱ्या पत्राच्या उत्तरावाचून अपुरे राहते असे मला वाटले. पत्रलेखकांची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. येथील वैद्यकीय माहिती डॉक्टरांकडे जाण्यापूर्वीची तयारी म्हणून वाचावी. तपासून दिलेल्या सल्ल्याची जागा ती घेऊ शकत नाही.

प्रश्न : माझे वय ३६ आहे, मी कोथरूडला राहते आणि लग्नानंतर नऊ वर्षांनी मला दिवस राहिले आहेत. तेराव्या आठवड्यात डबल मार्करचा अहवाल आला. त्यात डाउन सिंड्रोमसाठी ‘१ : १२०, हाय रिस्क’ असे लाल अक्षरांत छापले आहे. डॉक्टरांनी पाच मिनिटांत गर्भजलपरीक्षा सुचवली. सासूबाई म्हणतात, ‘देवाने दिले ते घ्यावे.’ यजमान म्हणतात, ‘करून टाक, म्हणजे डोक्याचा ताप जाईल.’ मला काय वाटते हे कोणी विचारलेच नाही आणि आता मलाही ते सांगता येत नाही. स्त्रीवादी दृष्टीने याकडे कसे पाहावे?

उत्तर : आधी त्या लाल अक्षरांतील आकड्याविषयी लिहिते, कारण पाच मिनिटांच्या भेटीत तो तुम्हाला कोणी उलगडून सांगितलेला दिसत नाही. तुमच्यासारखाच अहवाल आलेल्या १२० स्त्रिया एका सभागृहात बसल्या आहेत असे समजा. त्यांपैकी ११९ जणींच्या बाळांना डाउन सिंड्रोम, म्हणजे एका जादा गुणसूत्रामुळे येणारी जन्मजात अवस्था, नसेल; एकीच्या बाळाला असेल. डबल मार्कर ही निदान करणारी चाचणी नव्हे; आईचे वय, एनटी स्कॅनमध्ये मोजलेली गर्भाच्या मानेमागील द्रवाची जाडी आणि आईच्या रक्तातील दोन घटक यांवरून मांडलेले ते शक्यतेचे गणित आहे. साधारण १ : २५० च्या आसपास एक रेघ ओढलेली असते आणि जिचा आकडा त्या रेघेच्या अलीकडे येतो तिला पुढची चाचणी देऊ करावी, एवढाच ‘हाय रिस्क’ या शब्दांचा अर्थ आहे. पस्तिशीच्या सुमारास ही शक्यता केवळ वयामुळेच साधारण साडेतीनशेत एक असते. त्याच कागदावर ‘१२० पैकी ११९’ असे छापले असते, तर तुमच्या घरातील बोलणे निराळ्या ठिकाणाहून सुरू झाले असते असे मला वाटते.

आता पुढच्या वाटा. एनआयपीटी ही आईच्या रक्तावर दहाव्या आठवड्यापासून करता येणारी चाचणी आहे. डाउन सिंड्रोम असलेल्या गर्भांपैकी ९९ टक्क्यांहून अधिक गर्भ तिच्यात ओळखले जातात, तरीही ती चाळणी परीक्षाच आहे आणि तिच्या अहवालात शक्यता जास्त दिसली तर गर्भजलपरीक्षेने खात्री करून घ्यावीच लागते. गर्भजलपरीक्षा, म्हणजे पोटातून सुईने थोडे गर्भजल काढून केलेली तपासणी, पंधराव्या आठवड्यानंतर करतात, गुणसूत्रांच्या पूर्ण अहवालाला दोन-तीन आठवडे लागतात आणि तिच्यामुळे गर्भपात होण्याची शक्यता अनुभवी हातांत हजारात साधारण एक ते पाच एवढी असते. तिसरी वाट म्हणजे यापुढे कोणतीही चाचणी न करणे. ही वाटही तितकीच रास्त आहे, आणि दवाखान्यात नेमकी तीच कोणी बोलून दाखवत नाही. गर्भजलपरीक्षेआधी तिचे संभाव्य दुष्परिणाम तुम्हाला समजावून सांगणे, तुम्हाला समजणाऱ्या भाषेत तुमची लेखी संमती घेणे आणि त्या संमतीपत्राची प्रत तुम्हाला देणे हे १९९४ च्या प्रसवपूर्व निदानतंत्र कायद्याने डॉक्टरांवर बंधनकारक केले आहे. ती प्रत मागून घ्या.

अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ बार्बारा कॅट्झ रॉथमन यांनी १९८० च्या दशकात गर्भजलपरीक्षेचा विचार करणाऱ्या स्त्रियांशी बोलून एक गोष्ट नोंदवली होती. अहवाल येईपर्यंत या स्त्रिया आपल्या गर्भारपणात पुरत्या शिरतच नाहीत, बाळाशी बोलत नाहीत, पोट दिसू लागले तरी ते झाकतात; जणू ते गर्भारपण पक्के झालेलेच नसते. तुम्हाला काय वाटते ते तुम्हाला सांगता येत नाही, याचे एक कारण हेही असावे. तो तुमच्या मनाचा दुबळेपणा नव्हे. वाट पाहायला लावणाऱ्या व्यवस्थेचा तो तुमच्यावर झालेला परिणाम आहे.

सासूबाईंचा आणि यजमानांचा सल्ला परस्परविरुद्ध दिसला, तरी दोघांनीही विचार करण्याचे तुमचे काम परस्पर उरकून टाकले आहे. ‘चाचणी करू की नको’ या प्रश्नापाशी येण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःला शांतपणे विचारा : बाळाला डाउन सिंड्रोम आहे असे कळले तर मी काय करीन? काहीही करणार नसले तरी ते आधी कळणे मला हवे आहे का? काही स्त्रियांना तयारीसाठी ते हवे असते, कारण अशा बाळांपैकी जवळपास निम्म्यांना जन्मतः हृदयदोष असतो आणि मग बाळंतपण कोठे करायचे हे आधी ठरवता येते. काहींना ते नकोच असते. काहींना गर्भपाताचा विचार करायचा असतो आणि त्यांनाही तो उजळ माथ्याने करता आला पाहिजे. जनुकीय समुपदेशकाची वेळ घ्या आणि एकदा तरी यजमानांना बाहेर बसवून एकट्याने त्यांच्याशी बोला. तेराव्या आठवड्यात तुमच्या हातात पुरेसा अवधी आहे. ‘उद्याच ठरवा’ असे कोणी म्हटले तर घाई करू नका.

प्रश्न : गर्भपातासाठी गेले असता रुग्णालयाने पतीची सही मागितली. तो नियम आहे का? (वारजे)

उत्तर : नाही. १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यानुसार १८ वर्षे पूर्ण झालेल्या स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी असते. पालकाची संमती लागते ती केवळ अल्पवयीन किंवा मानसिक आजार असलेल्या स्त्रीच्या बाबतीत. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात हे पुन्हा स्पष्ट केले आणि कायद्यात नसलेल्या अटी, म्हणजे कुटुंबाची संमती वगैरे, डॉक्टरांनी लादू नयेत असे बजावले. त्याच निकालाने वीस ते चोवीस आठवड्यांच्या गर्भपाताच्या तरतुदीचा लाभ अविवाहित स्त्रियांनाही मिळाला. तुमचे नाव गुप्त राखणे हेही डॉक्टरांचे कायदेशीर कर्तव्य आहे. सही मागणारे लोक बहुधा दुष्टपणाने ती मागत नाहीत. उद्या नवरा येऊन भांडेल या भीतीने मागतात. पण त्यांच्या भीतीची किंमत तुम्ही मोजण्याचे कारण नाही.

प्रश्न : मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वादविवाद स्पर्धेत प्रतिपक्षाने मला विचारले, ‘तुम्ही स्त्रीवादी लोक एकीकडे गर्भपात हा स्त्रीचा हक्क म्हणता आणि दुसरीकडे मुलीचा गर्भ पाडण्याला बंदी मागता, हा दुटप्पीपणा नाही का?’ मला उत्तर देता आले नाही.

उत्तर : हा प्रश्न विचारणाऱ्याने चांगला प्रश्न विचारला आहे, तेव्हा त्याला झटकून टाकू नका. या विसंगतीशी महाराष्ट्रातील स्त्रीचळवळ चार दशके झगडत आली आहे.

इतिहास थोडक्यात असा. गर्भजलपरीक्षा भारतात १९७० च्या दशकात आली ती गर्भातील व्यंगे ओळखण्यासाठी, आणि थोड्याच काळात ती मुलगी ओळखण्यासाठी वापरली जाऊ लागली. १९७८ मध्ये केंद्र सरकारने सरकारी संस्थांत त्यासाठी तिचा वापर बंद केला. त्यानंतर खासगी दवाखान्यांत तो जोरात सुरू झाला आणि आज काही शे रुपये खर्च करा व उद्याचे लाखो वाचवा अशा अर्थाच्या जाहिराती उघडपणे लागू लागल्या. मुंबईत कार्यकर्त्यांनी या विषयासाठी मंच उभा केला आणि त्या रेट्यामुळे १९८८ मध्ये महाराष्ट्राने लिंगनिदानाला आळा घालणारा कायदा करणारे देशातील पहिले राज्य होण्याचा मान मिळवला. केंद्राचा कायदा १९९४ चा. तो कागदावरच राहतो आहे हे पाहून २००० साली ‘सेहत’ व पुण्याची ‘मासूम’ या संस्था आणि कार्यकर्ते डॉ. साबू जॉर्ज यांनी सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली आणि २००३ मध्ये कायदा अधिक कडक झाला. तरीही महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या २००१ मध्ये ९१३ होती, ती २०११ मध्ये ८९४ वर आली.

आता मुद्द्याचे. चळवळीने बंदी मागितली ती लिंगनिदानावर, गर्भपातावर नव्हे. हा फरक शब्दांच्या कसरतीपुरता नाही. ‘मला या वेळी मूल नको’ हा निर्णय स्त्रीच्या शरीराविषयीचा आणि तिच्या आयुष्याविषयीचा आहे. ‘मूल हवे, पण मुलगी नको’ हे वाक्य बहुतेक घरांत तिचे नसतेच. ते तिच्या तोंडून वदवले जाते आणि न वदणाऱ्या स्त्रीला त्याचे भोग भोगावे लागतात. कायद्यालाही हे ठाऊक आहे. गर्भवतीची लिंगतपासणी झाली असेल तर ती पतीने किंवा नातलगांनी भाग पाडल्यामुळे झाली, असे विरुद्ध पुरावा नसेल तोवर न्यायालयाने गृहीत धरावे, अशी तरतूद त्यात आहे.

एका शब्दाविषयी मात्र आपल्याकडून मोठी चूक झाली. ‘स्त्रीभ्रूणहत्या’ हा शब्द आपण भिंतींवर, रिक्षांच्या मागे, शाळेच्या निबंधांत इतका वापरला, की गर्भपात म्हणजेच हत्या असे एका पिढीच्या मनात पक्के झाले. त्याचा फटका ज्यांना लिंगनिदानाशी काही देणेघेणे नाही अशा स्त्रियांना बसला; कायदेशीर गर्भपाताच्या गोळ्या ठेवायलाही काही औषधविक्रेते कचरू लागले. तुम्ही पुढच्या स्पर्धेत बोलाल तेव्हा ‘लिंगनिवड’ म्हणा.

तुमचा प्रतिपक्ष हुशार असेल तर तो पुढचा प्रश्न विचारील : मुलगी आहे म्हणून गर्भ पाडणे चूक, तर अपंगत्व आहे म्हणून पाडणे बरोबर कसे? येथे स्त्रीवाद्यांमध्ये एकमत नाही, आणि आहे असे भासवू नका. अपंग स्त्रिया विचारतात, की आमच्यासारखे कोणी जन्मालाच येऊ नये अशी व्यवस्था उभारणारा समाज आम्हाला समान नागरिक मानतो हे आम्ही कशावरून समजावे? हा प्रश्न मला वर्षानुवर्षे अस्वस्थ करीत आला आहे. माझे मत असे, की निर्णय स्त्रीकडून काढून घेणे हा त्यावरचा उपाय नाही, कारण मूल वाढवण्याचा सगळा भार तिच्या एकटीवर टाकून तिला नैतिकता शिकवणे अन्याय्य आहे. पण अपंग मुलाला वाढवणे शक्य व्हावे अशी शाळा, उपचार आणि पैशांची सोय उभी न करता ‘तिने स्वतः ठरवले’ असे म्हणणेही खोटे आहे. आपल्या कायद्याचा कल पाहा. २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भात गंभीर व्यंग असल्याचे वैद्यकीय मंडळाने ठरवले, तर चोवीस आठवड्यांनंतरही गर्भपात करता येतो; तेवढ्याच दिवसांच्या गर्भवतीच्या आयुष्यात कितीही मोठी उलथापालथ झाली, तरी तिला ती मुभा नाही. म्हणजे गर्भातील दोष कायद्याला दिसतो, बाईची अडचण दिसत नाही.

याच पुण्यात १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. विधवांनी तेथे गुप्तपणे आणि सुरक्षित बाळंत व्हावे, मूल बरोबर न्यावे किंवा तेथेच ठेवावे, हे त्यांच्या मर्जीवर सोडले होते. ‘तुमच्या मर्जीवर’ हे शब्द खरे ठरावेत म्हणून त्यांनी आधी घर आणि माणसे उभी केली. १८७४ मध्ये अशाच एका स्त्रीच्या मुलाला, यशवंतला, त्यांनी दत्तक घेतले.

प्रश्न : आमच्या मुलीचे लग्न ठरले आहे. मुलाकडच्यांनी रक्तचाचणी करायला सांगितली, त्यात ती थॅलेसेमिया मायनर निघाली. आता ते ‘मुलीत दोष आहे’ म्हणून मागे सरत आहेत. मुलाने चाचणी केलेली नाही. (एक वडील, पिंपरी)

उत्तर : तुमची मुलगी आजारी नाही. थॅलेसेमिया मायनर म्हणजे ती केवळ वाहक आहे. तिला फार तर थोडा रक्तक्षय असेल आणि बाकी आयुष्य सर्वांसारखे जाईल. मुलांना गंभीर आजार, म्हणजे थॅलेसेमिया मेजर, होण्याचा संभव आई आणि वडील दोघेही वाहक असतील तरच असतो, आणि तेव्हाही प्रत्येक गर्भारपणात तो चारात एक एवढा असतो. होणारा जावई वाहक नसेल, तर हा प्रश्नच उरत नाही. सिंधी, पंजाबी, लोहाणा अशा काही समाजांत वाहकांचे प्रमाण अधिक आहे, तरी इतर कोणत्याही समाजात ते आढळू शकतात. म्हणून मुलाची हिमोग्लोबिन ए-टू मोजणारी तपासणी होण्यापूर्वी कोणी काही ठरवणे निरर्थक आहे.

ही चाचणी आपल्याकडे बहुधा आधी स्त्रीची होते आणि ती वाहक निघाली तरच पुरुषाची. खर्च वाचावा म्हणून हा क्रम योग्य वाटतो, पण त्यामुळे ‘दोष’ या शब्दाशी नेहमी तिचेच नाव जोडले जाते. पुरुष वाहक असला तरी कित्येकदा कोणाला कळतही नाही, कारण त्याच्या बायकोचा अहवाल चांगला आलेला असतो. बाळाचे लिंग पित्याच्या शुक्रजंतूवर ठरते हे शाळेत शिकूनही मुलगी झाली की आईलाच बोल लावणाऱ्या समाजाने नव्या विज्ञानाचाही असाच उपयोग करून घेतला, याचे मला वाईट वाटते. मुलाकडच्यांसमोर अहवाल ठेवा, त्यांच्या मुलाचा मागा. दोघेही वाहक निघाले, तरी लग्न मोडावेच असे नाही. अकराव्या ते तेराव्या आठवड्यांत वारेचा अंश तपासून गर्भाला मेजर आहे की नाही ते कळू शकते आणि पुढचे त्या दोघांनी ठरवायचे असते. त्यांनी चाचणीच नाकारली, तर ते कळणेही तुमच्या मुलीच्या हिताचे आहे.

प्रश्न : पहिल्या बाळंतपणात कळा देताना मी ओरडले तेव्हा परिचारिका म्हणाल्या, ‘तेव्हा नाही लाज वाटली?’ शेवटी सिझेरियन झाले. आता नातेवाईक म्हणतात, ‘तुला नॉर्मल जमले नाही.’ दुसऱ्या वेळी घरीच बाळंत व्हावे असा विचार मनात येतो. (धायरी)

उत्तर : ते वाक्य मी गेल्या पंचवीस वर्षांत इतक्या स्त्रियांच्या तोंडून ऐकले आहे, की ते एखाद्या प्रशिक्षणात शिकवतात की काय असे वाटावे. तुम्ही ओरडलात यात लाज वाटण्याजोगे काही नव्हते. कळा सोसणाऱ्या स्त्रीला असे बोलणे हा तिचा अपमान आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्ये प्रसूतीच्या वेळी होणाऱ्या अशा वागणुकीविरुद्ध स्पष्ट भूमिका घेतलेली आहे.

घरी बाळंत होण्याचा विचार मात्र सोडून द्या, हे मी आग्रहाने सांगते. आधीच्या सिझेरियनचा व्रण गर्भाशयावर असताना कळांमध्ये तो फाटण्याचा धोका असतो. धोका थोडा असला, तरी तो ओढवला तर काही मिनिटांत शस्त्रक्रिया करावी लागते आणि ती धायरीच्या घरात होऊ शकत नाही. महाराष्ट्रात २०१८ ते २०२० या काळात एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ माता दगावल्या. पूर्वीच्या तुलनेत हा आकडा बराच खाली आला आहे आणि त्यात रुग्णालयातील बाळंतपणांचा मोठा वाटा आहे. आपल्या आज्या-पणज्यांनी बाळंतपणाला ‘पुनर्जन्म’ म्हटले, ते उगीच नव्हे.

पण रुग्णालय हवे म्हणून तेथील वागणूकही मुकाट्याने सोसावी असे नाही. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील सरकारी संस्थांमधील १४.३ टक्के बाळंतपणे सिझेरियनने झाली आणि खासगीतील ४७.४ टक्के. एकाच देशातील बायकांच्या शरीरांत एवढा फरक असू शकत नाही. तुमचे सिझेरियन गरजेचे होते की नाही हे मी येथून सांगू शकत नाही. तुमची त्या वेळची कागदपत्रे मागून घ्या आणि नव्या डॉक्टरांना ती दाखवून ‘कारण काय लिहिले आहे आणि या वेळी नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न करता येईल का’ हे विचारा. बरोबर स्वतःच्या पसंतीची एक व्यक्ती प्रसूतिकक्षात असू द्याल का, नैसर्गिक प्रसूतीत योनिमुखाशी सरसकट छेद घेऊन टाके घालता का, हेही आधीच विचारा. प्रसूतिकक्षांच्या सुधारणेसाठीच्या केंद्र सरकारच्या २०१७ च्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात सोबतिणीची सोय आणि सन्मानाची वागणूक हे दोन्ही सांगितलेले आहे, तेव्हा तुम्ही काही जगावेगळे मागत नाही. नातेवाइकांच्या ‘जमले नाही’ला उत्तर देण्याची गरज नाही. पोटाचे सात थर कापून घेऊन दुसऱ्या दिवशी उठून बाळाला पाजणारी स्त्री नापास झालेली नसते.

प्रश्न : माझ्या पाच वर्षांच्या मुलीला डाउन सिंड्रोम आहे. सोसायटीच्या बागेत, लग्नकार्यात, अगदी दवाखान्याच्या रांगेतही बायका विचारतात, ‘टेस्ट केली नव्हती का?’ आता मला पुन्हा दिवस राहिले आहेत. या वेळी चाचणी करावी असे मला वाटते आणि तसे वाटले की मुलीकडे बघवत नाही. चाचणी करणे म्हणजे ‘तू नसतीस तर बरे झाले असते’ असे तिला सांगणे होईल का? (हडपसर)

उत्तर : हे पत्र मी अनेकदा वाचले आणि उत्तर लिहायला मला सर्वांत जास्त वेळ लागला.

बागेतील बायकांचा प्रश्न कोठून येतो ते पाहू. चाचणी नव्हती तेव्हा असे मूल झाले तर लोक दैवाला बोल लावीत, किंवा आईच्या पूर्वजन्मीच्या पापाला. चाचणी आली आणि पापाच्या जागी ‘हलगर्जीपणा’ आला. बोल लावून घेणारी व्यक्ती तीच राहिली. वडिलांना हा प्रश्न बागेत कोणी विचारल्याचे मी ऐकलेले नाही. जी सोय स्त्रीला निर्णय घेता यावा म्हणून मागितली, तीच तिच्यावरची सक्ती कशी होते हे तुमच्या पत्रातून जितके स्पष्ट दिसते तितके ते भाषणांतून दिसत नाही. डाउन सिंड्रोम असलेली बहुसंख्य मुले पस्तिशीच्या आतील आयांना होतात, कारण मुळात बहुसंख्य बाळंतपणेच त्या वयात होतात. तुम्ही काय खाल्ले, किती काम केले, कोठे गेलात याच्याशी त्या जादा गुणसूत्राचा काही संबंध नाही.

गेल्या वर्षी मी भाचीबरोबर एका सोनोग्राफी केंद्रात गेले होते. ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ या पाटीखाली बसून तिने अर्ज भरला; त्यात जिवंत मुलगे किती, मुली किती हे लिहायचे असते आणि ‘मला गर्भाचे लिंग जाणून घ्यायचे नाही’ अशा निवेदनावर सही करायची असते. शेजारी एक बाई चार-पाच वर्षांच्या मुलीला घेऊन बसली होती. तिची मुलगीही तुमच्या मुलीसारखीच होती. ती आईच्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून फाइल काढायची, उघडायची, उलट्या बाजूने ‘वाचायची’ आणि पुन्हा पिशवीत ठेवायची. समोरच्या बाकावरील दोघी आधी मुलीकडे, मग आईच्या पोटाकडे पाहत होत्या. त्या आईने एकदाही मान खाली घातली नाही. ती मुलीला म्हणाली, ‘आपला नंबर आला की तू फाइल द्यायची हं डॉक्टरांना.’ आणि नंबर आल्यावर मुलीने ती दोन्ही हातांनी धरून आत नेली. ती बाई आत कोणती चाचणी करून घेणार होती हे मला ठाऊक नाही, पण तिच्या मनात मुलीविषयी काही किंतू असेल असे मला वाटले नाही.

म्हणून तुमच्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. मुलीवर माया असणे आणि दुसऱ्या वेळी तुमची ताकद, पैसा, वय, हाताशी असलेली माणसे यांचा हिशेब करणे यांत प्रतारणा नाही. तुमच्या मुलीला उद्या शाळेत कोण नेणार, तुमच्यामागे तिला कोण पाहणार, हे प्रश्न आई म्हणूनच तुम्हाला पडतात. चाचणी करून तुम्ही गर्भ ठेवलात, नाही ठेवलात, किंवा चाचणीच केली नाहीत, या तिन्हींपैकी एकीनेही मुलीची किंमत ठरत नाही. मात्र तो विचार बागेतील बायकांना गप्प करण्यासाठी करू नका. त्यांना एवढेच सांगा, ‘ती माझी मुलगी आहे, तिच्याबद्दल काही विचारायचे असेल तर विचारा.’

मुलीच्या हक्काच्या गोष्टी राहिल्या असतील तर त्या याच महिन्यात करून टाका, कारण बाळंतपणानंतर तुम्हाला सवड मिळणार नाही. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे सरकारी ओळखपत्र, तसेच बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींसाठी असलेल्या राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेतील एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्यविमा या दोन गोष्टी आधी घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने तिला शेजारच्या शाळेत मोफत शिक्षण घेण्याचा हक्क दिला आहे. ही कामे यजमानांकडे सोपवा. या कामांच्या रांगांत वडिलांनीही उभे राहायला हवे.

आणि समुपदेशकाकडे जाताना मुलीच्या गुणसूत्रांचा जुना अहवाल घरात शोधून बरोबर न्या. तिचा डाउन सिंड्रोम नेहमीच्या प्रकारचा, म्हणजे एकविसावे गुणसूत्र सुटेपणाने तिसरे आलेला असेल, तर पुन्हा तसे होण्याची शक्यता साधारण शंभरात एक, किंवा तुमच्या वयानुसार ती त्याहून जास्त असेल तर तेवढी असते. ते गुणसूत्र दुसऱ्या एखाद्या गुणसूत्राला चिकटलेले असेल, तर तुमच्या आणि यजमानांच्या, दोघांच्याही, रक्ताची तपासणी करावी लागते आणि शक्यतेचा आकडा त्यावरून बदलतो. अहवाल सापडला नाही, तर मुलीचे रक्त पुन्हा देता येते. ही तपासणी गर्भाच्या चाचणीआधी व्हायला हवी, म्हणून येत्या आठवड्यातच वेळ घ्या.